हात बसणे : न्हावा शेव्याच्या खाडीकाठी एका क्रियापदाचा शोध

कामगाराच्या वेतनाचा दर ठरवताना शासन त्याला कुशल, अर्धकुशल किंवा अकुशल यांपैकी एका वर्गात घालते, आणि १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखाली निघालेल्या अधिसूचनांपासून ठेकेदाराच्या हजेरीपटापर्यंत ही विभागणी इतकी रुळली आहे की तिच्यातील 'कुशल' हा शब्द नेमके काय मोजतो, असे सहसा कोणी विचारत नाही. प्रमाणपत्र मोजता येते, अनुभवाची वर्षे मोजता येतात, चालवता येणाऱ्या यंत्रांची यादी करता येते. परंतु हत्यार हाती येताच ते वेगळी वस्तू म्हणून जाणवेनासे होणे, पुढची हालचाल मनात ठरण्यापूर्वीच हाताने ती करून टाकलेली असणे, आणि लाकूड, पाणी किंवा लोखंड जरा वेगळे वागू लागले की हातानेही आपसूक वेगळे वागणे, हा जो गुण आहे तो या तिन्ही वर्गांत कोठेच नीट मावत नाही. या गुणाला मराठीत काय म्हणावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याची चर्चा न्हावा शेव्याच्या परिसराच्या आधाराने करण्याचे कारण असे की मासेमारीची डोल, मिठागराचे फावडे, बैलगाडीचे चाक आणि जहाजावरून कंटेनर उतरवणारी क्रेन ही सारी साधने पनवेल-उरणच्या इतक्या थोड्या टापूत एकमेकांशेजारी येऊन गेली आहेत, आणि त्यांपैकी काहींचे शब्द साधनांबरोबरच दिसेनासे होत आहेत.

'कुशल' या शब्दाचा जन्म मुळात हातातच झाला, असे परंपरा सांगते. कुश म्हणजे दर्भ. त्याचे पाते धारदार असते आणि ओढताना बोट कापण्याची भीती असते, म्हणून जो स्वतःला इजा न होऊ देता दर्भ तोडून आणतो तो कुशल, अशी त्याची व्युत्पत्ती दिली जाते. वीणा उत्तम वाजवणारा तो प्रवीण, ही व्युत्पत्तीही याच जातीची. अकराव्या शतकातील काश्मीरचा साहित्यशास्त्रकार मम्मट याने 'काव्यप्रकाशा'त रूढी लक्षणेचे, म्हणजे मूळ अर्थ मागे पडून केवळ वापराने दुसरा अर्थ पक्का होण्याचे, उदाहरण म्हणून 'कामात कुशल' हाच प्रयोग घेतला. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यावर आक्षेप नोंदवला : शब्द कसा घडला हे एक आणि तो काय सांगतो हे दुसरे, तेव्हा 'निपुण' हाच 'कुशल'चा मुख्य अर्थ मानला पाहिजे, दर्भाला मध्ये आणण्याची गरज नाही. आजच्या मराठीचा विचार केला तर विश्वनाथाचाच पक्ष खरा ठरतो. दर्भ गेला, बोटही गेले, आणि 'कौशल्य' हा शब्द संवादकौशल्य, नेतृत्वकौशल्य, व्यवस्थापनकौशल्य अशा समासांत शिरून इतका विस्तारला की त्याला हत्याराची आठवण उरली नाही. १५ जुलै २०१५ रोजी देशभर सुरू झालेल्या कौशल्य विकास मोहिमेने तो घरोघरी पोचवला हे खरे; पण त्या वापरात कौशल्य ही काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने मिळवायची आणि कागदावर सिद्ध करायची वस्तू आहे.

संस्कृताच्या जोडीला अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठीत भरपूर आहेत आणि ते कारागिरीच्या अधिक जवळचे आहेत. 'कसब' हा त्यांतील सर्वांत वजनदार. अरबीत त्याचा अर्थ मिळवणे, कमावणे असा आहे. मराठीत तो आधी पोटापाण्याचा धंदा आणि मग त्या धंद्यातील करामत अशा दोन अर्थांनी स्थिरावला, त्यामुळे 'कसबी कारागीर' असे म्हणताना कामातून आलेली कमाई आणि कामात आलेली सफाई या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात येतात. 'कसबीण', म्हणजे वेश्या, या शब्दाने मात्र त्याच कुळातील स्त्रीरूपाला वेगळ्याच अर्थाच्या दारात नेऊन बसवले, आणि स्त्रीच्या हातातील गुणाला भाषेने दिलेली ही वागणूक कोशात नोंदवून पुढे जाण्याइतकी किरकोळ नाही. 'हुन्नर' युक्तीकडे झुकतो, 'शिताफी'त घाई आहे, 'वाकबगार' माणूस जाणकार असतो पण त्याच्या हाती हत्यार असेलच असे नाही, आणि 'तरबेज'चा वापर पोहण्यापासून थापा मारण्यापर्यंत कशालाही होतो.

खरा साठा आहे तो 'हात' या शब्दाभोवती. मराठीने या एका अवयवाच्या आधारे गुणावगुणांची जी बारीक प्रतवारी केली आहे, ती कोणत्याही परिभाषाकोशाला हेवा वाटावा अशी आहे. हातचलाखीत फसवणूक आहे. हस्तलाघवात वेग आहे, पण तो शब्द ग्रंथाबाहेर फारसा पडत नाही. 'सिद्धहस्त' ही पदवी कारागिरांपेक्षा लेखकांनीच अधिक मिरवली. 'हातखंडा' म्हणजे हमखास जमणारी गोष्ट. ती नटाचा प्रयोग असू शकते, गृहिणीची पुरणपोळी असू शकते, आणि त्यात तेच ते पुन्हा न चुकता करण्याची खात्री अभिप्रेत असते. 'हातगुण' हा याहून निराळा, कारण तो शिकता येत नाही : एकाच औषधाचा एका वैद्याच्या हातून गुण येतो आणि दुसऱ्याच्या येत नाही, एकीने लावलेले रोप जगते आणि दुसरीने लावलेले जगत नाही, असा अनुभव सांगताना तो वापरतात. 'हातोटी' हा शब्द प्रस्तुत शोधाच्या सर्वांत जवळ येतो. एखादी गोष्ट करण्याची खुबीदार, आपली म्हणून ओळखता येणारी रीत म्हणजे हातोटी. मात्र विसाव्या शतकातील समीक्षेने तिला कथा सांगण्याची हातोटी, विनोदाची हातोटी असे इतके राबवले की सुताराच्या संदर्भात ती आता जरा पुस्तकी वाटते.

उरतो तो एक साधा वाक्प्रचार : हात बसणे. 'अजून हात बसला नाही', 'आता हात बसला' अशी वाक्ये शिवणयंत्रापुढे, लेथवर, पोळपाटाशी आणि ट्रकच्या स्टिअरिंगमागे सारखीच ऐकू येतात. त्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. वाक्याचा कर्ता माणूस नसून हात आहे. क्रियापद अकर्मक आहे, म्हणजे हाताने कशावर काही केलेले नाही, हाताच्याच बाबतीत काहीतरी घडून आले आहे. 'मी हात बसवला' असेही म्हणता येते, पण तेव्हा जाणूनबुजून केलेल्या सरावाचा बोध होतो. त्या सरावाचे फळ पदरी पडले हे सांगायला पुन्हा 'बसला' याच रूपाकडे यावे लागते. 'मला ते जमते', 'ते अंगवळणी पडले', 'हात वळला' या रचनांचीही ठेवण अशीच आहे. इच्छा करणारा माणूस बाजूला ठेवून कर्तेपण हाताकडे, अंगाकडे किंवा त्या कामाकडेच सोपवण्याची ही पद्धत मराठी बोलणाऱ्यांनी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून घेतलेली नाही, आणि तरीही ती या गुणाचे जे वर्णन करते ते अचूक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याची परीक्षा प्रत्यक्ष कामांवर घेतली पाहिजे.

न्हावा हे गाव पनवेल तालुक्यात आणि शेवा उरण तालुक्यात. दोन्ही गावे मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर, घारापुरीच्या लेण्यांच्या समोरच्या अंगाला, खाड्या, खाजण आणि कांदळवन यांनी वेढलेली. येथील कोळ्यांचे वर्षानुवर्षांचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालले. भरतीची वेळ काढण्याचा एक तोंडी हिशेब कोकणपट्टीत सर्वत्र आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या सुमारास पूर्ण भरती येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास आणि पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या आसपास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्यामुळे हे गणित बऱ्यापैकी जुळते, आणि ते कोणालाही पाच मिनिटांत शिकवता येते. परंतु या हिशेबाने पाण्याची वेळ कळते, पाणी कळत नाही. डोल हे निमुळत्या पिशवीसारखे जाळे खाडीच्या वाहत्या पाण्यात खुंटांना असे बांधतात की त्याचे तोंड प्रवाहाकडे राहते, मासळी पाण्याबरोबर आत शिरते आणि शेपटीकडच्या बारीक विणीत अडकते. प्रवाह उलटण्यापूर्वी जाळे ओढले नाही तर आलेली मासळी आल्या वाटेने निघून जाते. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी जेव्हा थबकते, तो अवधी उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत सारखा नसतो. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येणारी मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान. वारा, पावसाळ्यातील गोडे पाणी आणि गाळाने बदललेला तळ यांमुळे तो आणखी पुढेमागे होतो. दोरीला हात लावून तिच्या ताणावरून पाणी केव्हा सुटणार हे ओळखणे तिथीच्या पाऊणपटीत येत नाही.

हाताने फेकायच्या गोल जाळ्याची, म्हणजे पागाची, गोष्ट याहून स्पष्ट आहे. कडेला शिशाच्या गुळ्या ओवलेले हे जाळे खांद्यावर, कोपरावर आणि पुष्कळदा दातांत थोडे धरून, कमरेतून वळत असे भिरकवायचे असते की ते हवेतच पूर्ण उघडावे आणि त्याची कड सर्व बाजूंनी एकदम पाण्यावर पडावी. एक बाजू आधी पडली तर मासळी दुसऱ्या बाजूने निसटते. नवशिक्या प्रत्येक पकड आठवून फेकतो आणि जाळे गुंडाळीसारखे पडते. ज्याचा हात बसला आहे त्याला कोणते बोट केव्हा सुटते हे विचारले तर त्याला पुन्हा एकदा फेकूनच पाहावे लागते. चिखलात उभे राहून, पायाखालची जमीन सरकत असताना हे करायचे असते, म्हणून दोन फेकी कधीच सारख्या नसतात, आणि तरी जाळे दर वेळी गोल पडते.

मिठागरात हीच गोष्ट अधिक संथपणे घडते. आगरी या जातिनामाचा संबंध आगर या शब्दाशी जोडला जातो, आणि उरण, पनवेल व पेण भागातील मिठाची आगरे इंग्रजी अमदानीच्या कागदपत्रांतही महत्त्वाची मानलेली आहेत. समुद्राचे पाणी एकामागून एका वाफ्यात फिरवून उन्हाने आटवत नेतात. बोमे नावाच्या मापकावर, जो पाण्याची घनता अंशांत दाखवतो, खाडीचे पाणी तीनच्या आसपास असते, पंचविसाच्या सुमारास मीठ धरू लागते, आणि एकोणतिसाच्या पुढे गेल्यास मॅग्नेशियमचे कडू क्षार उतरू लागून मिठाची प्रत बिघडते. म्हणजे पंचवीस आणि एकोणतीस यांच्या मधल्या पट्टीतच सारे काम उरकायचे. मापक आल्याने हे अंश वाचणे सोपे झाले. मापक नसताना पाण्याचा रंग, पृष्ठभागावर धरणारी पातळ साय आणि बोटांना लागणारा चिकटपणा यांवरून आगरकरी तेच ठरवत असत. पुढचे काम मात्र मापकालाही करता येत नाही. मीठ धरणाऱ्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट केलेल्या चिखलाचा असतो आणि त्याच्यावर मिठाचा थर बसतो. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने तो थर ओढताना फावडे किंचित वर राहिले तर मीठ मागे उरते, आणि किंचित खाली गेले तर चिखल उचलला जाऊन सगळी रास मळते. डोळ्यांना पाण्याखालचा तळ दिसत नाही; तो दांड्यातून हाताला कळतो. मीठ ओढणाऱ्या माणसाला वेतनाच्या तक्त्यात अकुशल म्हणणाऱ्याने हा दांडा एकदा हातात धरून पाहायला हवा होता.

पनवेल शहराचे नाव आज इमारतींशी आणि वाहतुकीशी जोडले जाते, पण जुन्या गॅझेटिअरांनी या गावाचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याची नोंद केली आहे. बोरघाटातून उतरणाऱ्या गाड्यांचा मार्ग येथून जात असे आणि देशावर परतणारे गाडीवान पनवेलची चाके विकत नेत. चाक म्हणजे तुंबा, आरे, पुठ्ठे आणि धाव : मधला लाकडी गड्डा, त्यात ठोकलेले दांडे, त्यांना बाहेरून जोडणारे कमानीचे तुकडे आणि सर्वांना आवळणारी लोखंडी पट्टी. धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड ठेवून तापवतात, लाल झाली की चढवतात आणि पाणी ओतून निववतात. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव पाचशे अंशांनी तापली तर सुमारे सव्वादोन सेंटिमीटर लांबते; तेवढ्याच फरकावर चाकाचे आयुष्य अवलंबून असते, कारण पट्टी सैल राहिली तर आरे खडखडतात आणि फार आवळली तर वाकतात. लोहाराला हा आकडा ठाऊक नव्हता. त्याला लोखंडाचा रंग ठाऊक होता.

चाक करणाऱ्याचाच दाखला चीनमधील 'च्वांग-त्झु' या प्राचीन ताओवादी ग्रंथात आहे, ही गोष्ट पनवेलच्या संदर्भात मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. ग्रंथ वाचत बसलेल्या राजाला एक म्हातारा चाककरी सांगतो की आरा बसवायचे भोक कोरताना घाव हलका पडला तर सांधा सैल होतो, जोराचा पडला तर आरा आत जातच नाही. योग्य घाव हाताला कळतो आणि मनाला पटतो, पण तो तोंडाने सांगता येत नाही, आपल्या मुलालाही तो शिकवता आलेला नाही, आणि म्हणून सत्तरी उलटली तरी आपणच चाके करत आहोत. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टर्ट याने वडिलोपार्जित चाकांचा कारखाना चालवल्यानंतर १९२३ साली त्यावर लिहिलेल्या पुस्तकात जवळजवळ हीच साक्ष दिली आहे. पनवेलच्या सुतारांनी पुस्तक लिहिले नाही. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट ही त्यांची हत्यारे अजून नावाने माहीत आहेत, पण चाक घडवताना त्या हत्यारांच्या चालीला ते काय म्हणत, ही शब्दांची रास फारशी टिपली गेली नाही.

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य विचारवंतांना हा प्रश्न नव्याने पडला. मार्टिन हायडेगर याने १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचे उदाहरण घेऊन म्हटले की काम सुरळीत चालू असताना हातोडा वस्तू म्हणून समोर येतच नाही, तो 'हाताशी' असतो; तुटला, सापडेनासा झाला की मगच तो वस्तू म्हणून दिसू लागतो. त्याने योजलेल्या जर्मन शब्दातही हात आहे, हा योगायोग नसावा. गिल्बर्ट राइल याने १९४९ मध्ये एखादी गोष्ट अमुक आहे हे जाणणे आणि ती कशी करावी हे जाणणे यांत भेद केला व दुसरे हे पहिल्याचे उपयोजन नव्हे असे दाखवले. हंगेरीत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी याने १९५८ आणि १९६६ च्या पुस्तकांत मूक ज्ञानाची, म्हणजे माणसाजवळ असूनही शब्दांत उतरवता न येणाऱ्या ज्ञानाची, कल्पना विकसित केली. या तिघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोतील श्रमसंस्थेत निकोलाय बर्नस्टाइन याने छिन्नीवर हातोडी मारणाऱ्या अनुभवी कामगारांच्या हालचाली छायाचित्रांनी टिपल्या, आणि त्याला आढळले की हातोडीच्या टोकाचा मार्ग दर घावाला जवळपास तोच राहतो, पण खांदा, कोपर आणि मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्या वेगळ्या असतात. अंग एकच ठरलेली हालचाल घोकत नाही, प्रत्येक वेळी ती नव्याने जुळवते. पाग फेकणारा सरकत्या चिखलात नेमके हेच करतो. १९९६ साली जपानमध्ये आत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी माकडांना दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवले, तेव्हा हाताजवळच्या जागेची नोंद घेणाऱ्या त्यांच्या मेंदूतील काही पेशी दाताळ्याच्या लांबीपर्यंतच्या जागेलाही प्रतिसाद देऊ लागल्या. हत्यार हाताचा भाग होते हे म्हणणे केवळ अलंकारिक नाही, असा या प्रयोगाचा निष्कर्ष घेता येतो.

या विवेचनानंतर 'हात बसणे' या प्रयोगाकडे पाहिले तर त्यातील दोन्ही शब्द चोख ठरतात. बसणे म्हणजे सांध्यात सांधा बसणे, घडी बसणे, मेळ बसणे. आणि जे बसते ते डोक्यात साठवलेले वर्णन नसून हात, हत्यार आणि समोरचे द्रव्य या तिघांचा मेळ असतो. त्यामुळे एका आगरावर बसलेला हात दुसऱ्या आगरावर पहिले काही दिवस चाचपडतो, आणि मग पुन्हा बसतो.

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. प्रामुख्याने कंटेनरांच्या या बंदराने २०२३-२४ या वर्षात वीस फुटी मापाने मोजलेले सुमारे चौसष्ट लाख कंटेनर हाताळले. धक्क्यावरील क्रेनचा ऑपरेटर उंचावरच्या केबिनमध्ये काचेच्या तळातून खाली वाकून पाहतो. एका हाताशी ट्रॉली पुढे-मागे नेणारी कळ असते, दुसऱ्या हाताशी दोर वर-खाली करणारी. दोरांच्या टोकाला स्प्रेडर नावाची चौकट लटकते, आणि तिच्या चार कोपऱ्यांतील खटके कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यांतील सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब व सव्वासहा सेंटिमीटर रुंद भोकांत उतरवायचे असतात. भोकावर चौकट आणायला कडेच्या मार्गदर्शक पट्ट्यांची मदत होते, परंतु झोका आवरण्याचे काम हाताचे. पंचवीस मीटर दोरावर लटकलेल्या ओझ्याचा एक पूर्ण झोका सुमारे दहा सेकंदांचा असतो. दोर नऊ मीटरवर आला की तो सहा सेकंदांचा होतो. आणि ओझे रिकामे आहे की तीस टनांचे, याने त्या काळात फरक पडत नाही. लंबकाचा हा नियम गॅलिलिओच्या काळापासून माहीत आहे. तो पाठ असलेला नवा ऑपरेटर ट्रॉली थांबवतो आणि कंटेनर पुढे झोका घेतो. हात बसलेला ऑपरेटर ट्रॉली थोडी आधी मंद करतो, ओझ्याला पुढे जाऊ देतो, आणि ते झोक्याच्या टोकाला पोचण्याच्या क्षणी ट्रॉली त्याच्या डोक्यावर नेऊन दोन्ही एकदम थांबवतो. ओझे वर येत असताना दोर आखूड होतो, झोक्याचा काळ बदलत जातो, आणि हात त्याच्याबरोबर बदलत जातो. डोल ओढणाऱ्याने दोरीच्या ताणावरून पाणी ओळखावे, याच प्रकारचे हे ज्ञान आहे.

क्रेनवरील ओझ्याला वर-खाली करण्याचे जे पुकारे पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांत आणि उभारणीच्या कामांवर चालत आले, त्यांत 'हबेस' म्हणजे उचल आणि 'आरिया' म्हणजे सोड, हे दोन जुने आहेत. दुसरा पोर्तुगीज खलाशांच्या 'अरिआर', म्हणजे खाली सोडणे, या शब्दातून आला. जहाजांवरच्या हिंदी खलाशांची ही मिश्र बोली टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात कोशरूपाने प्रसिद्ध केली. न्हावा येथेच १९१० पासून 'रहमान' ही खलाशांना शिकवणारी प्रशिक्षणसंस्था आहे, म्हणजे बंदर येण्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षे आधीपासून या गावात हात बसवण्याचे शिक्षण चालू होते. जहाज बंदरात आणणाऱ्या पायलटचे काम हा तर या विषयातील प्रसिद्ध दृष्टान्त : अमेरिकन अभ्यासक जेम्स स्कॉट याने १९९८ च्या आपल्या पुस्तकात 'मेतिस' हा ग्रीक शब्द, म्हणजे परिस्थितीनुसार वळणारी चतुराई, समजावताना खुल्या समुद्रावरील नौकानयनाचे सार्वत्रिक नियम आणि एकाच बंदराचे प्रवाह, गाळ व खडक ओळखणारा पायलट यांची तुलना केली आहे. ग्रीक शब्द चांगला आहे. पण त्यात ओडिसिअसचे डावपेचही येतात, आणि मराठीला त्याची उसनवार करण्याची गरज नाही.

येथवरची चर्चा शब्दांची असली तरी तिचा परिणाम माणसांच्या पोटावर झालेला आहे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील पंचाण्णव गावांची जमीन संपादित करण्याच्या प्रक्रियेत १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले, आणि त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याचे धोरण आले. हा लढा मोठा होता आणि त्याचे फळही मोठे आहे. परंतु त्याचे एकक जमीन हे होते, कारण सातबाऱ्यावर जमीन लिहिलेली असते. खाडीत डोल लावणाऱ्याच्या नावे पाण्याचा सातबारा नसतो, आणि मिठागरात मजुरीने मीठ ओढणाऱ्याच्या नावे आगर नसते. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबे हनुमान कोळीवाड्यात गेली. त्यांच्याबरोबर जाळी गेली, पण ज्या पाण्यावर हात बसला होता ते पाणी गेले नाही. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने बंदराच्या विस्तारामुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. दर कुटुंबामागे ही रक्कम ५ लाख ८४ हजार होते. परंपरागत मच्छीमारांचा हक्क मान्य करणारा तो महत्त्वाचा निर्णय आहे. तरीही तेथे भरपाई होते ती बुडालेल्या उत्पन्नाची. ज्याला पाणी कळत होते त्याचे ते कळणे निरुपयोगी झाले, ही हानी कोणत्याही तक्त्यात धरलेली नाही. आणि असा माणूस बंदराच्या फाटकावर नोकरी मागायला उभा राहिला तेव्हा त्याच्या अर्जावर 'अकुशल' हा शिक्का बसला.

हा शिक्का चूक आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. नव्या यंत्रावर हात बसलेला नसणे आणि हातात गुणच नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'अकुशल' हा शब्द त्यांना एक करून टाकतो. ज्याचा हात एकदा दोरीच्या ताणावर बसला आहे, त्याला क्रेनच्या दोरापर्यंत नेण्याचे शिक्षण देता आले असते. किती जणांना ते मिळाले हा प्रश्न शब्दाने आधीच गाडून टाकला. रॉटरडॅमच्या मास्फ्लाक्टे भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या धक्क्यावर क्रेनचे ऑपरेटर केबिन सोडून कचेरीत पडद्यांपुढे बसतात आणि दुरून क्रेन चालवतात. ही पद्धत जगभर पसरत आहे. केबिनमधला हादरा आणि दोराचा आवाज तेथपर्यंत पोचत नाही, तेव्हा आज केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरचाही हात उद्या कोणत्या वर्गात घालायचा, हे ठरवण्याची वेळ येईल. त्या वेळी वर्गवारी करणाऱ्यांच्या हाती 'कुशल-अकुशल' यापेक्षा बरे शब्द असायला हवेत.

वेतनाच्या अधिसूचनेत 'अकुशल' ऐवजी 'या कामावर हात न बसलेला' असे लिहिले तर वाक्य लांब होईल, पण खोटे राहणार नाही. आणि भाषा संचालनालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व बंदर प्राधिकरण यांनी हा बदल अशक्य मानू नये. त्याहून निकडीचे काम टिपणाचे आहे. न्हावा, गव्हाण, बेलपाडा, जसखार, करळ, सोनारी आणि हनुमान कोळीवाडा या गावांत डोल, पाग आणि मिठाचे फावडे चालवलेली माणसे आजही आहेत. आगरी आणि कोळी बोलीत त्या कामांतील प्रत्येक चालीला, प्रत्येक गाठीला आणि पाण्याच्या प्रत्येक अवस्थेला शब्द आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि त्या गावांतील शिकलेल्या मुलामुलींनी घरातील वडीलधाऱ्यांसमोर बसून, शक्य असेल तेथे हातात तेच साधन देऊन, हे शब्द लिहून घ्यावेत आणि ज्याने ते सांगितले त्याचे नाव त्या यादीच्या वर लिहावे.